पारंपरिक दागिन्यांचा शोध आणि विद्यार्थ्यांचे डिझाइन प्रकल्प : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवी श्रेयांक-रचना लागू झाली. क्षेत्रप्रकल्प, भारतीय ज्ञानप्रणाली आणि व्यावसायिक कौशल्याचे अभ्यासक्रम यांना तीत स्वतंत्र स्थान मिळाले. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याने अशा प्रकल्पासाठी ‘पारंपरिक व आधुनिक दागिने’ हा विषय निवडणे स्वाभाविक आहे. विषयाचे साहित्य घरात असते, आई व आजी माहिती देऊ शकतात, जवळच्या बाजारपेठेत सराफाचे दुकान असते आणि शेवटी स्वतःच्या हाताने एखादा नवा घाट रेखाटण्याचा आनंदही मिळतो. मात्र विषय जितका सुलभ वाटतो तितकी त्याची साधने सुलभ नाहीत. दागिन्याचा अभ्यास केवळ आकृतीचा अभ्यास म्हणून केल्यास त्यातून काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात अशा प्रकल्पांच्या रूढ मांडणीच्या आधारे केला आहे. विवेचनासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तळेरे (ता. कणकवली) हा परिसर समोर ठेवला आहे.

तळेरेची निवड सहेतुक आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि विजयदुर्गाकडून वैभववाडी, गगनबावडामार्गे कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथे एकत्र येतात. एका बाजूला जुने बंदर, दुसऱ्या बाजूला साज आणि ठुशीसाठी प्रसिद्ध असलेले कोल्हापूर व चांदीकामासाठी ओळखले जाणारे हुपरी, उत्तरेला चाकरमान्यांची मुंबई आणि दक्षिणेला गोवा अशी या गावाची स्थिती आहे. त्यामुळे येथील घरात सापडलेला दागिना ‘कोकणी’च असेल असे गृहीत धरता येत नाही. तो कोठून आला, हा प्रश्न अभ्यासाच्या पहिल्याच पायरीवर उभा राहतो.

रूढ मांडणीचे स्वरूप

अशा प्रकल्पांची रचना बहुधा ठरलेली असते. आरंभ सिंधू संस्कृतीपासून होतो. त्यानंतर सातवाहन, यादव, शिवकाल व पेशवाई यांचा प्रत्येकी एक परिच्छेद येतो. पुढे अवयवांनुसार यादी दिली जाते : केसांत अग्रफूल, केवडा, मूद, कानांत कुडी, बुगडी, वेल, गळ्यात ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, बोरमाळ, पुतळीमाळ, हातांत पाटल्या, गोठ, तोडे, पायांत पैंजण, जोडवी. प्रत्येक नावापुढे इंटरनेटवरून घेतलेले एक छायाचित्र असते. शेवटी जुन्या आकृतीचा एखादा तुकडा नव्या पदकात बसवून ‘पारंपरिकतेला आधुनिकतेची जोड’ दिल्याचे नमूद केले जाते.

या मांडणीमागे तीन गृहीतके दडलेली आहेत. पहिले, आज दिसणारा दागिना पूर्वीपासून तसाच चालत आला आहे. दुसरे, दागिन्याचे चित्र म्हणजेच दागिना. तिसरे, दागिन्याचा अर्थ सौंदर्यापुरता आहे. ही तिन्ही गृहीतके तपासल्याशिवाय केलेले संकलन कष्टाचे असले तरी त्याला संशोधन म्हणता येत नाही.

कोल्हापुरी साजाचे उदाहरण पाहावे. साजात २१ पाने असतात, त्यांपैकी १० दशावतारांची, ८ अष्टमंगलाची, २ माणिक व पाचूची आणि १ तावीत, असे वर्णन सर्वत्र आढळते. प्रकल्पांतही ते जसेच्या तसे उतरते. प्रत्यक्ष दुकानात मिळणाऱ्या साजाची पाने मोजली तर ती अनेकदा कमी भरतात. मासा, कासव, शंख, नाग, चंद्र, कारले, भुंगा, बेलपान यांपैकी कोणती पाने ठेवली व कोणती गाळली, हे वजन, किंमत आणि कारागिराजवळचे ठसे यांवर ठरते. छापील वर्णन आदर्श सांगते आणि हातातील साज व्यवहार सांगतो. या दोहोंतील अंतर नोंदवणे हीच विद्यार्थ्याची खरी भर ठरू शकते. परंतु रूढ मांडणीत त्यासाठी जागाच नसते.

मोड : न टिकलेल्या वस्तूंचा इतिहास

दागिन्यांच्या इतिहासातील मूलभूत अडचण ‘मोड’ या एका शब्दात सामावली आहे. मंदिर पडले तरी त्याचे दगड उरतात, वस्त्र विरले तरी एखादा तुकडा पेटीत राहतो. सोन्याचा दागिना मात्र मोडला की त्याचे सोने होते आणि त्या सोन्याचा दुसरा दागिना होतो. मुलीच्या लग्नात आजीच्या गोठांच्या पाटल्या होतात. ज्या मुशीत दागिना जन्माला येतो त्याच मुशीत त्याच्या आधीचा दागिना नाहीसा झालेला असतो. म्हणून आज पाहावयास मिळणारे जुने दागिने हे गतकाळाचे प्रातिनिधिक नमुने मानता येत नाहीत. मोडण्याची वेळ ज्यांच्यावर आली नाही अशा घराण्यांचे, संस्थानांचे व देवस्थानांचे दागिने तुलनेने अधिक टिकले. कष्टकरी कुटुंबांचे दागिने दुष्काळात, आजारपणात, लग्नकार्यात विरघळून गेले.

कोकणाच्या संदर्भात या प्रक्रियेला एक विशिष्ट तारीख आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणगावातील कामगारांत कोकणातून गेलेल्यांची संख्या मोठी होती. संप लांबत गेला तसे अनेक घरांतील दागिने आधी गहाण पडले आणि नंतर मोडले गेले. मुंबईच्या पगारातून घडलेला आणि मुंबईच्या संपात गेलेला दागिना कोणत्याही संग्रहालयात सापडणार नाही. तो कुटुंबाच्या स्मृतीत, लग्नाच्या छायाचित्रात किंवा एखाद्या गहाणपावतीवर सापडेल. जो दागिना आता नाही त्याची चौकशी करणे हा विद्यार्थ्यासाठी अस्तित्वात असलेल्या दागिन्याचे छायाचित्र घेण्याइतकाच महत्त्वाचा भाग ठरतो.

मोडीचा संबंध कायद्याशीही आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. बावीस कॅरेटच्या मऊ सोन्यावर ज्यांचा हात बसला होता अशा असंख्य सुवर्णकारांचा व्यवसाय त्यामुळे कोलमडला. पुढे ही अट शिथिल झाली; परंतु १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत अमलात होता. या काळात किती ठसे अडगळीत गेले आणि किती मुलांनी वडिलांची ऐरण सोडून दुसरी नोकरी धरली, याची विचारपूस सुवर्णकार कुटुंबांतच करता येईल. ‘पारंपरिक’ घाटात पडलेला खंड अनेकदा रुचीबदलामुळे पडलेला नसून अशा निर्णयांमुळे पडलेला असतो.

साधनांची पारख : नथीचे उदाहरण

वस्तू टिकत नसल्यामुळे अभ्यासकाला शिल्प, चित्र, वाङ्मय व छायाचित्र यांकडे वळावे लागते. यांपैकी प्रत्येक साधनाची साक्ष वेगळ्या प्रकारची असते. हे समजण्यासाठी नथीइतके बोलके उदाहरण नाही.

आज नथ हे मराठीपणाचे सर्वांत ठळक चिन्ह मानले जाते आणि प्रकल्पांत तिच्यामागे ‘प्राचीन’ हे विशेषण सहज जोडले जाते. कोकणातील देवरुख येथे जन्मलेले आणि भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत दीर्घकाळ कार्य केलेले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३८ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात नथीच्या प्राचीनतेची चिकित्सा केली. अमरकोशात कान, कंठ, बाहू, मनगट, बोट, कंबर, पाय यांच्या अलंकारांची नावे येतात. नाकातील दागिन्याचे नाव येत नाही. अजिंठ्याच्या चित्रांत मोत्यांचे सर, मुकुट, केयूर, मेखला यांची रेलचेल आहे, पण चित्रातील स्त्रियांच्या नाकात अलंकार नाही. भाजे, कार्ले येथील दंपतीशिल्पांत जड कर्णभूषणे व पायांतील वाळे आहेत. नाक मोकळे आहे. आज जो दागिना परंपरेचा मेरुमणी समजला जातो तो या दीर्घ परंपरेत तुलनेने उशिरा आलेला आहे.

गोडे यांच्या प्रतिपादनाचे मोल त्यांच्या निष्कर्षाइतकेच त्यांच्या पद्धतीतही आहे. जे आढळते त्याची यादी करण्याबरोबर जे आढळायला हवे होते पण आढळत नाही, त्याचीही त्यांनी नोंद घेतली. त्याचबरोबर या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. शिल्पकाराने व चित्रकाराने देव, राजे व आदर्श स्त्रिया घडवल्या. शेतावर राबणाऱ्या स्त्रीच्या नाकात काय होते, हे त्यांनी सांगितले नाही. अनुपस्थितीचा पुरावा वापरताना साधनाने कोणाला वगळले आहे, हा प्रश्न सोबत असावा लागतो.

अलीकडच्या साधनांनाही हाच निकष लागू पडतो. राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांच्या नऊवारीतील नायिकांवरून पेशवाईतील दागिने ‘पाहण्याची’ प्रथा आहे. ही चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहेत आणि नायिकेचे अलंकार चित्रकाराने रचनेच्या गरजेनुसार योजलेले आहेत. विल्यम जॉन्सन यांनी १८६० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या रहिवाशांच्या छायाचित्रसंग्रहात माणसांची चित्रे वेगळ्याच पार्श्वभूमीवर जोडलेली आहेत. छायाचित्र आहे म्हणून ते तटस्थ आहे, असे म्हणता येत नाही.

सिंधुदुर्गातील विद्यार्थ्याजवळ याहून निकटची दोन साधने आहेत. कुडाळ तालुक्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेली चित्रकथीची चित्रे आणि जिल्ह्यात सर्वत्र होणारे दशावतारी नाट्य. चित्रकथीतील पात्रे अलंकारांनी मढलेली असतात. दशावतारात पुरुष नट नथ, बांगड्या व गळ्यातील माळा घालून स्त्रीभूमिका करतात. परंतु या दोन्ही ठिकाणचा दागिना पात्र ओळखण्यासाठी वापरलेला संकेत आहे. दूरवर बसलेल्या प्रेक्षकाला राणी ओळखू यावी म्हणून तो मोठा व चकचकीत होतो. त्याचा अभ्यास ‘मालवणी दागिना’ म्हणून करणे चुकीचे ठरेल. ‘लोककलेतील दागिन्याची भाषा’ म्हणून केल्यास तो एक स्वतंत्र व समृद्ध प्रकल्प होईल.

घडण : चित्रात न दिसणारी बाजू

अमेरिकन डिझाइनकार चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल सादर केला. त्याच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या अहवालात त्यांनी साध्या लोट्याची प्रशंसा करताना त्याच्या आकाराऐवजी त्यामागील प्रश्नांवर भर दिला : त्यात किती मावते, तो भरलेला असताना व रिकामा असताना हातात कसा बसतो, डोक्यावरून कसा नेला जातो, कसा धुतला जातो, त्याची किंमत काय. डिझाइनच्या विद्यार्थ्याने हेच प्रश्न दागिन्याला विचारले पाहिजेत.

बोरमाळेचा मणी भरीव दिसतो; प्रत्यक्षात तो पातळ सोन्याच्या पत्र्याचा असून आत लाख भरलेली असते. थोड्या सोन्यात मोठा घाट देणे आणि तो चेपू नये एवढा दृढ करणे, या दोन गरजांतून ही रचना आली. ठुशीच्या मागे दोरा असतो व तो सरकवून ती गळ्यानुसार कमी-अधिक करता येते. त्यामुळे सासूची ठुशी सुनेला, तिची नातीला बसते. मापाचा प्रश्न धातूने न सोडवता दोऱ्याने सोडवला आहे. कानातील वेलाकडे शोभेची साखळी म्हणून पाहिले जाते. तो कुडीचे वजन कानावरून वर उचलून धरतो व पाळीवरील ताण कमी करतो. हे दोरे ओवणारा पटवेकरी सोनाराइतकाच या घडणीचा वाटेकरी आहे. प्रकल्पांत त्याचे नावही येत नाही.

मापांच्या बाबतीतही दक्षता हवी. जुन्या हिशेबात ८ गुंजांचा मासा व १२ माशांचा तोळा होई आणि हा तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. आजच्या सराफी व्यवहारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीने सांगितलेल्या ‘पाच तोळ्यांच्या’ माळेत व आजच्या पाच तोळ्यांत आठ ग्रॅमहून अधिक फरक पडतो. तुलनात्मक तक्ता करताना हा फरक न पाहिल्यास सर्व निष्कर्ष सदोष होतात.

घडणीबरोबर द्रव्याचाही प्रवास पाहावा लागतो. पुतळीमाळेतील पुतळीचा संबंध व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याशी जोडला जातो. नाण्यावरील मानवाकृतीवरून हे नाव पडले. पुढे सोनारांनी देवतांच्या आकृतींचे ठसे करून पुतळ्या पाडल्या. तन्मणी व नथ यांतील बसरा मोती इराणच्या आखातातून येत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी संवर्धित मोत्यांनी बाजार व्यापल्यावर एकसारख्या गोल मोत्यांची सवय झाली आणि नैसर्गिक मोत्यांचा किंचित वेडावाकडा घाट दोष वाटू लागला. ‘अस्सल देशी’ समजल्या जाणाऱ्या दागिन्यात समुद्रापलीकडचे जग असे ओवलेले असते. बंदराच्या वाटेवरील तळेरेसारख्या गावात हे विशेषत्वाने ध्यानात घ्यावे लागते.

अधिकार आणि खूण

रूढ प्रकल्पांची सर्वांत गंभीर उणीव येथे आहे. दागिना कोणाला शोभतो हे ते सांगतात. तो कोणाला घालता येत होता व कोणाला घालावाच लागत होता, हे सांगत नाहीत.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्य स्त्रियांपुढे भाषण केले. गळ्यातील अनेक गळसऱ्या, हातभर घातलेल्या कथलाच्या व चांदीच्या गोट-पाटल्या ही अस्पृश्यतेची ओळख पटवणारी खूण आहे, ती टाकून द्यावी आणि दागिना घालायचाच तर सोन्याचा घालावा, अशा आशयाचा उपदेश त्यांनी केला. महाड कोकणातच आहे. ज्या चांदीच्या जड अलंकारांना आज ‘लोकशैली’ अथवा ‘एथ्निक’ म्हणून गौरवले जाते, तेच काही स्त्रियांनी आत्मसन्मानासाठी उतरवून ठेवले होते. अशा घाटावरून नवे पदक रेखाटणाऱ्या विद्यार्थ्याला हा इतिहास ठाऊक असणे आवश्यक आहे. तो कळल्यावर घाट वापरू नये असे नाही. पण मग त्या रेखाटनाखालील टिपणात केवळ ‘ग्रामीण सौंदर्य’ हे शब्द पुरेसे ठरणार नाहीत.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) या गावाने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे, असे सुचवले. ज्या समाजात एक दागिना अंगावर ठेवण्यासाठी ग्रामसभेला ठराव करावा लागतो, तेथे मंगळसूत्राच्या प्रकरणात केवळ वाट्यांचे आकार व काळ्या मण्यांची संख्या नोंदवणे हे अपुरे वर्णन आहे.

समकालीन दागिना

‘आधुनिक दागिने’ या शीर्षकाखाली प्रकल्पांत बहुधा कमी वजनाचे व यंत्रावर घडवलेले नमुने येतात. समकालीनतेचे खरे प्रश्न त्यापलीकडे आहेत. दूरचित्रवाणीवरील ‘होणार सून मी ह्या घरची’ या २०१३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेनंतर ‘जान्हवी मंगळसूत्र’ आणि २०१४ च्या ‘जय मल्हार’नंतर ‘बानू नथ’ ही नावे सराफाच्या पेढीवर रूढ झाली. पूर्वी घाटाला नाव फुलावरून, फळावरून किंवा नाण्यावरून मिळे. आता ते पात्रावरून मिळते. नाक न टोचता घालायची दाबाची नथही याच काळात सर्वत्र झाली. तिने नथीला रोजच्या व विवाहितेच्या दागिन्यातून समारंभाच्या दागिन्यात आणले आणि अविवाहित मुलींनाही ती खुली केली. हा बदल परंपरेचा ऱ्हास मानावा की विस्तार, यावर वर्गात खुली चर्चा घडवता येईल.

जागतिक कलाक्षेत्रातील एक उदाहरण येथे उपयुक्त आहे. स्विस कलावंत ऑट्टो क्युन्झ्ली यांनी १९८० मध्ये काळ्या रबरी नळीचे एक कडे केले. आत सोन्याचा गोळा आहे. तो फुगवट्यावरून जाणवतो, परंतु दिसत नाही. ‘सोने आंधळे करते’ या अर्थाचे नाव त्याला दिले आहे. आपल्या बोरमाळेत बाहेर सोने व आत लाख, तर या कड्यात बाहेर रबर व आत सोने. दोन्ही वस्तू समोर ठेवल्या की दागिन्याचे मोल दिसण्यात आहे की असण्यात, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे मूर्त होतो. एप्रिल २०२५ मध्ये सोन्याच्या भावाने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा गाठला, ‘एक ग्रॅम सोन्या’च्या मुलाम्याचे दागिने घराघरांत आहेत, १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचे होत गेले आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर सहा अंकाक्षरी ओळखक्रमांक अनिवार्य झाला. कसोटीच्या दगडावर सोनाराच्या डोळ्याने ठरणारी शुद्धता आता यंत्र व क्रमांक ठरवतात. सोनार आणि गिऱ्हाईक यांच्यातील पिढीजात विश्वासाचे नाते त्यामुळे कसे बदलले, हाही डिझाइन-संशोधनाचाच विषय आहे.

प्रकल्पाची पर्यायी दिशा

वरील विवेचनावरून काही सूचना करता येतात. प्रकल्पाची व्याप्ती सिंधू संस्कृतीपासून आजपर्यंत न ठेवता एक दागिना, एक परिसर व तीन पिढ्या एवढीच असावी. प्रत्येक दागिन्याची नोंद घाट, द्रव्य, वजन, घडणीची रीत, कारागीर, घालण्याचे प्रसंग, घालण्याचा अधिकार आणि मोडीचा इतिहास अशा रकान्यांत करावी. घरातील दागिने, लग्नाची जुनी छायाचित्रे, ग्रामदेवतेचे अलंकार आणि सुरंगी-अबोलीच्या वळेसरासारखी फुलांची आभूषणे यांच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहाव्यात. केसांतील सोन्याच्या दागिन्यांची केवडा, अग्रफूल ही नावे फुलांवरून आलेली असल्याने या अखेरच्या साधनाचे कोकणात विशेष महत्त्व आहे. मालवणी बोलीतील शब्द प्रमाण मराठीत न बदलता तसेच टिपावेत.

येथे मार्गदर्शकाची नैतिक जबाबदारीही येते. कोणत्या घरात किती सोने आहे, ही नोंद उघड करणे कुटुंबाच्या सुरक्षिततेस बाधक आहे. म्हणून नाव, घर व एकूण वजन अहवालात येऊ नये. गहाण, वाटणी व वैधव्य यांविषयीचे प्रश्न संमतीशिवाय विचारू नयेत आणि उत्तर नाकारण्याचा अधिकार आरंभीच स्पष्ट करावा. मूल्यमापनातही बदल हवा. चकचकीत छायाचित्रांना गुण देण्याऐवजी साधन कोठून आले व त्यावर किती विश्वास ठेवावा, हे ज्याने लिहिले त्याला गुण मिळाले पाहिजेत.

समारोप

विद्यार्थ्याच्या डिझाइन प्रकल्पाकडून इतिहासलेखनाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, असा आक्षेप घेता येईल. परंतु ज्या वस्तूवरून नवी वस्तू घडवायची तिचे स्वरूप जाणून घेणे हे डिझाइनचेच काम आहे. लाखेचा मणी, सरकता दोरा, कानावरून ताण उचलणारा वेल यांमागील विचार ज्याला कळला तो जुन्या आकृतीची नक्कल न करताही परंपरेशी नाते जोडू शकेल. गळसरी कोणी व का उतरवली हे ज्याला कळले तो घाट निवडताना अधिक जबाबदार राहील. सोन्याचा भाव वाढत असताना आणि जुने दागिने झपाट्याने मुशीत जात असताना तळेरेसारख्या परिसरातील महाविद्यालयांजवळ या नोंदींसाठी फार काळ उरलेला नाही. ज्यांनी हे दागिने घडवले व अंगावर वागवले ती पिढी आज बोलू शकते, तोवरच हे काम होणे अगत्याचे आहे.